पार्सलचा फोन आला, कोड डायल झाला. आता काय काय तपासायचं?

कृष्णाकाठ

आईला (वय ६८, मुक्काम सांगली) आज दुपारी पावणेतीनला फोन आला. "तुमचं पार्सल आहे, पत्ता सापडत नाही. डिलिव्हरी बॉयचा नंबर मेसेज केलाय, आहे तसाच डायल करा." मेसेजमध्ये सुरुवातीला *२१* होतं, पुढे दहा आकडी मोबाइल नंबर आणि शेवटी #. आईनं डायल केला. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी उमटलं आणि गेलं.

घरात कुणीही काही मागवलेलं नाही. ओटीपी दिलेला नाही, लिंक उघडलेली नाही, खात्यातून अजून काही गेलेलं नाही. फोन अँड्रॉइड, सिम दोन. बँकेला जोडलेला नंबर पहिल्या सिमवर आहे.

या कोडनं नेमकं काय होतं? फोन रीसेट केला तर पुरेल का? पैसे गेले नसतील तर तक्रार घेतात का?

---

तारघर

आधी रीसेटचा विचार सोडा, त्यानं काहीही होणार नाही. *२१* हा कॉल फॉरवर्डिंगचा कोड आहे. पुढे जो नंबर टाकाल त्यावर तुमचे येणारे सगळे कॉल वळतात. ही नोंद फोनमध्ये राहत नाही, सिम कंपनीच्या यंत्रणेत राहते. म्हणून फोन बंद करा, सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला, सगळा डेटा पुसा, कॉल तिकडेच जात राहतात.

आत्ता, वाचता वाचता करा:

१. डायलरमध्ये *#२१# टाका. फोन सिम विचारेल, तिथे पहिलं सिम निवडा. उत्तरात "व्हॉइस" या ओळीपुढे "नॉट फॉरवर्डेड" असेल तर कोड लागलेला नाही. नंबर दिसला तर स्क्रीनशॉट काढा, तक्रारीत तोच सगळ्यात मोलाचा पुरावा आहे. घाईत लोक आधी खोडतात आणि मग नंबर हाताशी राहत नाही.

२. मग ##००२# डायल करा. यानं सगळ्या प्रकारची फॉरवर्डिंग एकदम निघते. जिओच्या सिमवर *४१३ हा कोड तेच काम करतो.

३. पुन्हा *#२१# करून खात्री करा. मग दुसऱ्या सिमसाठी हेच सगळं. मूळ कोड कोणत्या सिमवरून गेला हे आईंना सांगता येणार नाही, कारण पुष्कळ फोन ठरवून दिलेल्या सिमवरून न विचारताच डायल करतात.

४. कोड चालला नाही आणि "कनेक्शन प्रॉब्लेम" असं आलं, तर फोन ॲपच्या सेटिंगमधला कॉल फॉरवर्डिंगचा भाग उघडून तिथून बंद करा. तेही जमलं नाही तर त्याच सिमवरून १९८ ला (सिम कंपनीचा तक्रार नंबर) फोन करून "माझ्या नंबरवरचं सगळं डायव्हर्शन काढा" असं सांगा. फॉरवर्डिंग फक्त येणाऱ्या कॉलवर चालतं, बाहेर जाणारा कॉल नीट लागतो.

दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड वापरून फॉरवर्डिंग सुरू करणं बंद ठेवण्याचा आदेश कंपन्यांना दिला होता. तेव्हा आईंच्या सिमवर कोड लागला नसण्याचीही शक्यता आहे. पण ती शक्यता धरून बसू नका, तपासूनच बघा.

या फसवणुकीचा जोर कशावर आहे तेही समजून घ्या. फॉरवर्डिंगमुळे एसएमएस वळत नाहीत, फक्त कॉल वळतात. म्हणून चोर अशा सेवा शोधतो जिथे "कोड मेसेजनं नको, फोन करून सांगा" असा पर्याय असतो. व्हॉट्सॲपमध्ये तो आहे. चोर आपल्या फोनवर आईंचा नंबर टाकतो, मेसेजचा वेळ संपू देतो, मग कॉल मागवतो. तो कॉल थेट त्याच्याकडे जातो आणि सहा आकडी कोड त्याला ऐकू येतो. मग आईंच्या नावानं मामा, मावशी, भिशीतल्या बायका, सगळ्यांना "तातडीनं वीस हजार पाठव" असे मेसेज सुटतात. कुणी खात्री करायला आईंना साधा फोन लावला तर तोही चोराकडेच जातो. आईंचा फोन मात्र दिवसभर शांत असतो, त्यामुळे घरात कुणाला संशय येत नाही.

यूपीआय मात्र एवढ्यावर त्याच्या हाती लागत नाही. नवीन फोनवर यूपीआय सुरू करताना त्याच सिममधून एसएमएस बाहेर जावा लागतो, आणि सिम आईंकडेच आहे.

तेव्हा फॉरवर्डिंग निघाल्यावर लगेच व्हॉट्सॲप उघडून बघा. चालू असेल तर सेटिंगमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" बघा, अनोळखी काही असेल तर लॉगआउट करा आणि "टू स्टेप व्हेरिफिकेशन"चा सहा आकडी पिन लावा, सोबत ईमेलही द्या. "तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवला आहे" असं दिसलं, तर त्याच नंबरानं पुन्हा नोंदणी करा. एसएमएसवर आलेला कोड टाकला की चोर बाहेर फेकला जातो. त्यानं आधीच स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागेल, पण त्या सात दिवसांत खातं त्यालाही वापरता येत नाही. क्रम मात्र चुकवू नका: आधी फॉरवर्डिंग काढा, मग नोंदणी. उलट केलंत तर पुढचा कोड पुन्हा त्याच्याच कानात जाईल.

---

खातेवही

वरचं सगळं झालं की बँकेचं काम. पैसे गेले नसले तरी बँकेच्या कार्डामागे छापलेल्या नंबरवर फोन करून "माझ्या नंबरवरचे कॉल काही वेळ दुसरीकडे वळले होते" अशी नोंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. मोठ्या किंवा संशयास्पद व्यवहारावर बँक कधी कधी खात्रीचा फोन करते, आणि तो फोन त्या वेळात कुणी उचलला हे तपासायला त्यांना ही नोंद लागेल. नेटबँकिंगचा पासवर्ड बदला. आईंच्या ईमेलचा पासवर्डही बदला, कारण ईमेल परत मिळवतानाही फोनवर कोड ऐकण्याचा पर्याय काही ठिकाणी असतो.

तक्रारीचं असं आहे: पैसे गेले असतील तर १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन), नसतील तर चक्षू. दोन्ही वेगवेगळ्या कामांसाठी आहेत. चक्षू ही संचार साथी या सरकारी पोर्टलवरची सोय आहे. फसवा कॉल, मेसेज, व्हॉट्सॲप यांची माहिती तिथे द्यायची. कॉल आलेला नंबर, वेळ, मेसेजचा स्क्रीनशॉट लागतो. वर तारघर यांनी सांगितलेला, कॉल जिथे वळत होते तो नंबरही तिथेच द्या. त्याच पोर्टलवर आईंच्या नावानं किती सिम चालू आहेत तेही दिसतं, ओळखीचं नसलेलं सिम तिथेच कळवता येतं.

पैसे गेल्याचं दिसलं, मग रक्कम कितीही असो, त्याच मिनिटाला १९३०. पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या खात्यात फार वेगानं फिरवले जातात आणि शेवटी एटीएममधून काढले जातात. मधल्या एखाद्या खात्यात ते असतानाच रोखता आले तर आले. फोन करताना हाताशी हवं: खातं कोणत्या बँकेत, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे ओळख क्रमांक. तो बारा आकडी असेल तर यूपीआय किंवा आयएमपीएसचा, मेसेजमध्ये मिळेल. १९३० वर नोंद झाली की सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर सविस्तर तक्रार पूर्ण करा. अर्धवट सोडलेली तक्रार पुढे सरकत नाही.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रकही लक्षात असू द्या. चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, मधल्या यंत्रणेत काही झालं, अशा व्यवहारात तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर शून्य जबाबदारी. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून "आपलीच चूक, आता कुठल्या तोंडानं सांगू" असं म्हणत एक रात्र जाऊ देणं सगळ्यात महागात पडतं. घरातल्या मोठ्यांना हे समजावून सांगा, आणि सांगताना त्यांच्यावर चिडू नका.

---

टपालखुण

खरं पार्सल असतं तेव्हा काय होतं ते सांगतो, म्हणजे खोटं ओळखू येईल.

डिलिव्हरी करणारा माणूस पत्ता विचारायला फोन करतो, हे रोजचंच आहे. फोन आला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण त्याला तुमच्याकडून फक्त खाणाखुणा हव्या असतात: मारुतीच्या देवळासमोर, दुसरा मजला, गेटवर ठेवा. तुमच्या फोननं काही करावं अशी त्याला कधीच गरज नसते. कोड डायल करणं, ॲप टाकणं, लिंकवर पाच रुपये भरणं, यातलं काहीही मागितलं की फोन ठेवायचा.

ओटीपी हा मात्र गोंधळाचा भाग आहे, कारण महाग वस्तूंसाठी ऑनलाइन दुकानं खरोखरच डिलिव्हरी ओटीपी पाठवतात. तो ओटीपी वस्तू हातात आल्यावर, दारात, समोरच्या माणसाला सांगायचा असतो. फोनवर "ऑर्डर रद्द करायला ओटीपी सांगा" म्हणणारा खोटा. मेसेज पूर्ण वाचायची सवय लावा. आकडा वाचून सांगतात आणि आकड्याच्या आगेमागे "अमुक रुपयांच्या व्यवहारासाठी" किंवा "व्हॉट्सॲप कोड" असं लिहिलेलं नजरेतून सुटतं, तिथेच घात होतो.

पोस्टाच्या नावानं येणाऱ्या मेसेजमध्ये "पत्ता अपुरा आहे, १२ तासांत लिंकवर सुधारा" असं असतं. स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा अक्षरी असतो: दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी आय-एन. असा क्रमांक मागा आणि मेसेजमधली लिंक न दाबता इंडिया पोस्टच्या साइटवर स्वतः टाकून बघा. क्रमांक देता येत नसेल तर पार्सल नाही.

परदेशात मुलं असलेल्या घरांसाठी एक अपवाद. बाहेरून येणाऱ्या पार्सलसाठी कुरियर कंपन्या खरोखर ओळखीची कागदपत्रं मागतात आणि सीमाशुल्कही लागू शकतं. अशा वेळी पाठवणाऱ्याकडून पावतीवरचा क्रमांक घ्या, कंपनीची साइट स्वतः उघडून तिथेच कागद द्या. शुल्काची पावती मिळते, कुणाच्या खासगी यूपीआयवर ते भरायचं नसतं.

न मागवलेलं सीओडी (दारात पैसे भरून घ्यायचं) पार्सल दारात आलं तर घेऊ नका. सोसायटीत वॉचमनला आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा की आमच्या नावाचं काही आलं तर पैसे भरून ठेवू नका. चांगुलपणानं भरलेले ५९९ रुपये बहुधा परत मिळत नाहीत.

---

कृष्णाकाठ

तपासलं. पहिल्या सिमवर *#२१# ला एक मोबाइल नंबर दिसला. स्क्रीनशॉट घेऊन ##००२# केलं, आता "नॉट फॉरवर्डेड" येतं. व्हॉट्सॲप शाबूत आहे, पिन लावला. ##००२# करण्याआधी *#६२# ला मात्र वेगळाच एक नंबर दिसत होता, तोही चोराचा का?

आणि संध्याकाळी पुन्हा फोन आला, या वेळी वेगळा माणूस: "तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, मुंबई कस्टम्समधून बोलतोय, पोलिसांशी व्हिडिओवर जोडून देतो." आईनं फोन कापला, पण ती आता फार घाबरली आहे.

---

तारघर

*#६२# म्हणजे फोन बंद किंवा रेंजबाहेर असताना कॉल कुठे जातो. तिथे बहुतेक वेळा कंपनीचाच मिस्ड कॉल अलर्टचा नंबर असतो. पहिल्या स्क्रीनशॉटमधल्या नंबराशी ताडून बघा. वेगळा असेल तर १९८ ला विचारून खात्री करा. तो कंपनीचाच निघाला, तर ##००२# नं तो अलर्टही बंद झाला असेल, कंपनीला सांगून पुन्हा सुरू करता येतो.

---

खातेवही

आईंनी फोन कापला हे फार चांगलं केलं, त्यांना तसं आवर्जून सांगा.

या दुसऱ्या प्रकाराला "डिजिटल अरेस्ट" म्हणतात. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात"मध्येही हे स्पष्ट सांगितलं होतं. चौकशीला बोलवायचं असेल तर पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली लेखी नोटीस देतात, आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं आहे. कस्टम्सच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून पत्र खरं की खोटं बघता येतं. "तपासणीसाठी पैसे अमुक खात्यात ठेवा, नंतर परत करू" असं रिझर्व्ह बँकेसकट कुठलंही सरकारी खातं सांगत नाही.

त्यांचा सगळा भर माणसाला एकटं पाडण्यावर असतो: कॅमेरा चालू ठेवा, खोलीचं दार लावा, मुलांना सांगू नका. आधारचे शेवटचे चार आकडे, पत्ता त्यांना माहीत असतो आणि त्यावर माणूस विश्वास ठेवतो. ही माहिती झेरॉक्सच्या दुकानापासून कुठूनही फुटलेली असू शकते, तिच्यावरून समोरचा पोलीस ठरत नाही.

या फोनची चक्षूवर वेगळी नोंद करा, दुपारच्या तक्रारीत घालू नका, नंबर वेगळा आहे. आधारची धास्ती जात नसेल तर यूआयडीएआय या आधार देणाऱ्या संस्थेच्या साइटवर आईंचं बायोमेट्रिक लॉक करा, त्यासाठी ओटीपी आईंच्याच फोनवर येईल. रेशन किंवा बँकेत अंगठा लावायच्या दिवशी ते तात्पुरतं उघडावं लागतं, तेवढं घरात कुणीतरी लक्षात ठेवा.