मदत हवी आहे: आई गेल्यापासून बाबा गप्प झालेत

बाबा ७४ वर्षांचे, नाशिकरोडच्या नोटा-स्टॅम्प छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून रिटायर, तिथेच जेलरोडला एकटे राहतात. आषाढात आई गेली. अजूनही सकाळी चहाला दोन कप काढतात, मग एक गुपचूप परत ठेवतात. मी बघितलं की मलाच कसंतरी होतं.

डॉक्टरांना दाखवलंय. थायरॉइड, बी-१२ नॉर्मल. भाऊ म्हणतो पुण्याला ने. पण इथली दारं, शेजार, ओळखीचा भाजीवाला सोडून त्यांनी फ्लॅटच्या गॅलरीत बसून काय करायचं? १९३८ पासून चाललेल्या हार्वर्डच्या अभ्यासातही म्हातारपणी तब्येत टिकायला जवळची नाती फार मोलाची ठरली, पण नाती म्हणजे नुसतं एका छपराखाली राहणं नव्हे ना?

मी रोज फोन करते. "जेवलात का?" "हो." संपलं. मागच्या रविवारी मात्र लेकाने सायकलची चेन कशी बसवायची विचारलं, तर अर्धा तास बोलले, वर त्याला रागावलेही! म्हणजे त्यांना काळजी नकोय, काम हवंय, असं मला वाटतं.

तर, तुमच्या घरी असं कुणी सावरलं असेल तर काय उपयोगी पडलं? नाशिकरोडला पत्ते, गप्पा चालणारा ज्येष्ठांचा कट्टा आहे का? (भजनाला येणार नाहीत, पक्के नास्तिक.) आणि १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर कुणी बोललंय का? मुलीने फोन केला तर चालतो?