ड्रममधलं भगवा डाळिंब तडकतंय, काय चुकतंय?

स्लॅबवरची बाग (जुळे सोलापूर), १२ जून

नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली स्लॅबवर झाडं लावतेय, पण आज सकाळी जेवढी हळहळ वाटली तेवढी कधी वाटली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाचं गुटी कलम आणलं आणि २०० लिटरचं निळं पिंप अर्धं कापून त्यात लावलं. पहिल्या वर्षी नुसती पानं. दुसऱ्या वर्षी फुलं मायंदाळ आली आणि सगळी गळली. ती नर फुलं होती हे मागाहून कळलं, घंटेसारखी, बुडाशी निमुळती. या फेब्रुवारीत मात्र बुडाशी फुगीर, छोट्या कळशीसारखी फुलं आली आणि ११ फळं धरली. रोज उठून मोजायचे.

त्यातली चार आता तडकली आहेत. कालपासून एकदम दोन. देठापासून मुकुटापर्यंत एकच सरळ चीर, नख जाईल एवढी. आत दाणे अजून फिक्कट गुलाबी आणि चिरेवर मुंग्यांची रांग. एक दाणा खाऊन बघितला, आंबट-तुरट. अजून दोन महिने तरी लागले असते.

खत म्हणजे शेणखत आणि घरचं कंपोस्ट, बाकी काही नाही. आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. त्या दिवशी पाइप लावून सगळ्या झाडांना पोटभर पाणी देते, ड्रमला अंदाजे ३० लिटर. मधल्या दिवसांत डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, कधी तांब्याभर, कधी तेही नाही. ज्या जिल्ह्याच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे राहून माझ्या एका झाडाची फळं मला टिकवता येऊ नयेत, याचं फार वाईट वाटतं. कुणाला काही कळत असेल तर सांगा.

एक चांगली गोष्टही सांगते. दोडक्याला फळ धरत नव्हतं म्हणून मी रोज सकाळी ब्रश घेऊन वेलाजवळ जायचे, आणि रोज फुलं मिटलेली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दोडकं दिवेलागणीला फुलतं, घोसाळं सकाळी." त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला गेले तर पिवळीधमक फुलं उघडलेली! नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, मागे बोटभर दोडकं असलेल्या मादी फुलावर फिरवलं. आतापर्यंत नऊ दोडकी निघाली. शिरांची चटणीसुद्धा झाली.

होटगी रोड

आधी तेल्या रोग नाही ना, ते बघा. फळावर तेलकट, काळपट डाग आहेत का? तेल्यामध्ये चीर त्या डागातूनच जाते, इंग्रजी ‘एल’ किंवा ‘वाय’सारखी वेडीवाकडी. पानांवरही बारीक काळे ठिपके आणि भोवती पिवळी कड दिसते. तसं असेल तर रोगट फळं-पानं काढून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका. फळाला बारीक भोक आणि घाण वास असेल तर सुरसा अळी. दोन्ही नसेल तर पुढचं बोलू.

स्लॅबवरची बाग

भिंग घेऊन बघितलं. डाग नाही, भोक नाही, पानं स्वच्छ. चिरा सरळच आहेत. पश्चिमेकडच्या दोन फळांवर उन्हाने तपकिरी चट्टे आलेत, पण ती फळं तडकलेली नाहीत.

सांगोलेकर

ताई, घरी भगवाची बाग आहे, नोकरीमुळे मी सोलापुरात असतो. तुमच्या लिहिण्यातच उत्तर दिसतंय मला, पण खात्री करून घेऊ. कुठलं फळ कुठल्या तारखेला तडकलं आणि पाणी कुठल्या तारखेला आलं, एवढं सांगा.

स्लॅबवरची बाग

पाण्याच्या तारखांना मी कॅलेंडरवर गोल करते, म्हणून लगेच सापडल्या. पाणी आलं २६ आणि ३१ मे, मग ५ आणि १० जून. फळं तडकलेली दिसली २७ मेला एक, १ जूनला एक, आणि काल, ११ तारखेला, संध्याकाळी एक होतं ते आज सकाळी दोन झाली.

हे लिहितानाच अंगावर काटा आला. प्रत्येक वेळी पाण्याच्या दुसऱ्या दिवशीच. फक्त ५ जूननंतर काही झालं नाही. पण ३ तारखेला इकडे वळवाचा चांगला पाऊस झाला होता, म्हणजे त्या वेळी ड्रम कोरडा नव्हताच!

सांगोलेकर

बरोबर पकडलंत. चार दिवस माती सुकते, वर ४२ अंशांचं ऊन, स्लॅब खालून तापलेला. फळाची साल घट्ट होते, तिचा ताणायचा गुण जातो. मग एकदम ३० लिटर पाणी मिळालं की दाणे फुगतात आणि साल काही वाढत नाही. मग ती उलते. शेतातसुद्धा उन्हाळ्याच्या ताणावर पहिला मोठा पाऊस झाला की हेच होतं, फक्त तिथे मुळांना लांब जायला जागा असते. ड्रममध्ये ती नाही, म्हणून झटका जास्त.

पाणी वाढवू नका, वाटून द्या. तेच ३० लिटर रोज सहा-सहा. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. ड्रमच्या तोंडावर उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, खोडाला चिकटवू नका. पश्चिमेकडच्या फळांना सुती कापडाच्या पिशव्या बांधा. कुणी बोरॉन घाला म्हणेल. त्याच्या कमतरतेनेही फळ तडकतं हे खरं आहे, पण माती न तपासता ड्रममध्ये घालू नका, थोडं जास्त झालं तरी पानांच्या कडा जळतात. तुमचं दुखणं पाण्याचं आहे.

शक्य असेल तर केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची माहितीपत्रकं वाचा. २००५ पासून हे केंद्र आपल्या उंबऱ्यावर आहे.

अक्कलकोट रोड

ताई, रोज सहा लिटर मोजून घालणं जमतं का बघा. लग्नकार्याला चार दिवस गेलात की पुन्हा तेच. मी टॉवेलच्या कारखान्यात आहे. आमच्याकडे सुताचे तुकडे पोत्यांनी निघतात. त्याचीच वात करून मी बारा कुंड्या चालवतो.

पांढरंच सूत घ्यायचं, रंगीत नको, रंग मातीत उतरतो. दहा-बारा पदर एकत्र पिळायचे, करंगळीएवढी जाड वात झाली पाहिजे. आधी पाण्यात बुडवून पूर्ण भिजवायची, कोरडी लावली तर पाणी ओढत नाही. बादली विटांवर, मातीपेक्षा उंच. वातीचं एक टोक बादलीच्या तळाला दगडाने दाबून ठेवायचं, दुसरं मातीत चार बोटं खोल पुरायचं. तुमच्या ड्रमला दोन वाती लावा. बादलीला झाकण हवंच की, नाहीतर डास होतात. आपल्या पाण्याने वातीवर पांढरा थर धरतो, म्हणून महिन्याला वात बदला. सूत लागलं तर दुकानातून विकत आणू नका, कुठल्याही यंत्रमागवाल्याला विचारा, मूठभर सूत कुणीही देईल.

स्लॅबवरची बाग, १९ ऑगस्ट

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं, पण फळं हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

शेजारच्या मावशींचा मुलगा टॉवेलच्या मागावर आहे, त्याने त्याच संध्याकाळी पिशवीभर सूत आणून दिलं. पहिल्या दिवशी वात कोरडीच लावली, सकाळी बादली तशीच भरलेली! मग भिजवून लावली. दुसऱ्या दिवशी मातीत बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत गार, ओलसर. या स्लॅबवर एवढी सारखी ओल मी कधी अनुभवली नव्हती. पाचटासाठी रसवंतीवाल्याकडे गेले, त्याने चिपाडं दिली. तीच बारीक तोडून पसरली. फळांच्या पिशव्या आईच्या जुन्या इरकल लुगड्याच्या शिवल्या. सुती आहे, हवा खेळते, आणि वाऱ्यावर त्या हलताना बघायला मला फार आवडायचं.

सात फळं राहिली होती. जुलैत एका रात्री धो धो पाऊस झाला आणि एक तडकलं. आता ढग दाटून आले की ड्रमच्या तोंडावर प्लास्टिक टाकते.

बाकी सहा या आठवड्यात काढली. मुकुटाच्या पाकळ्या आत वळल्या, गोल फळाला थोडे कोपरे आले, टिचकी मारली की धातूसारखा आवाज, तेव्हा कात्रीने देठ कापला. वाण्याच्या काट्यावर सहाचं वजन १ किलो ४२० ग्रॅम, सगळ्यात मोठं ३१० ग्रॅम. दाणे गर्द लाल, बी मऊ.

श्रावण आहे, पहिलं फळ सिद्धेश्वराला ठेवलं. दुसरं मावशींकडे. त्यांनी डबा रिकामा परत केला नाही, गोंगुऱ्याची चटणी भरून दिली. म्हणजे आपली अंबाडीच, माझ्याच कुंडीत आपोआप उगवलेली रोपं मी त्यांना दिली होती. सासूबाईंनी दहीभातावर दाणे घालून खाल्ले आणि न बोलता आणखी मागितले.

सांगोलेकर, आता पुढचं विचारते. पुढच्या वर्षी पुन्हा आंबे बहरच, म्हणजे फेब्रुवारीतल्या फुलांचाच, धरायचा आहे. तुम्ही लोक डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण देता. मग मी वाती काढून टाकू का?

सांगोलेकर

सहा फळं म्हणजे ड्रममधल्या पहिल्या बहराला छानच. ऐकून बरं वाटलं.

पाणी एकदम तोडू नका, शेतातल्या झाडासारखं ड्रममधलं झाड सोसणार नाही. आत्ता एक मोठी पाटी शेणखत द्या आणि झाडाला विश्रांती घेऊ द्या, मधे येणारी फुलं खुडून टाका. डिसेंबरच्या सुरुवातीला दोनपैकी एक वात काढा, आठवड्याने दुसरी. मग फक्त माती भेगाळणार नाही एवढं तांब्याभर पाणी. पानं पिवळी पडून गळायला लागली की घाबरू नका, तेच हवंय. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, हलकी छाटणी करा, शेणखत घाला आणि आधी एक वात लावा. आठ दिवसांनी दुसरी.

स्लॅबवरची बाग

कॅलेंडरवर १ डिसेंबरला गोल केला. सूत धुऊन डब्यात भरून ठेवते.