दाढी करताना कापलं की रक्त थांबतच नाही, काय करावं?

मागच्या महिन्यात सेफ्टी रेझर घेतला, तेव्हापासून रोज कुठेतरी कापतंयच. आज कंठाच्या उंचवट्यावर एवढासा टिपका, पण तासाभराने बघतो तर शर्टाच्या कॉलरला लाल डाग. टिश्यूचा तुकडा चिकटवला तर काढताना पुन्हा चालू. तुरटी बरी की ती स्टिप्टिक पेन्सिल (रक्त थांबवायची कांडी)?

– टिश्यू चिकटवून सोडून देऊ नका हो. स्वच्छ कापूस गार पाण्यात भिजवून चांगला दाबून धरा, ३-४ मिनिटं, आणि मध्ये मध्ये उचलून बघायचं नाही, सगळे तिथेच चुकतात. ओल्या तुरटीने बारीकसारीक थांबतं, नाहीच थांबलं तर पेन्सिल. जाम झोंबते पण काम करते. पांढरी पूड राहते ती धुवा, नाहीतर ऑफिसभर चुना लावून फिराल (मी फिरलोय). आणि दोन्ही गोष्टी ज्याच्या त्याच्या, घरात एकच वापरू नका, रक्ताचा मामला आहे.

– मुळात कापतंय का ते बघ ना. कार्ट्रिजच्या (दोन-तीन पात्यांचं तयार डोकं बसवायच्या रेझरच्या) सवयीने जोर देत असशील. रेझरचं वजनच पुरतं, कोन साधारण ३० अंश, आणि कंठापाशी आवंढा गिळून धर किंवा कातडी बाजूला ओढून सपाट जागेवर फिरव. ब्लेड किती दिवस वापरतोस?

– रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? माझ्या वडिलांना अ‍ॅस्पिरिन चालू आहे, त्यांचं असंच लांबतं. तसं असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाल, पण गोळी मनाने बंद करू नकोस.

– गोळ्या वगैरे काही नाही. ब्लेड मात्र... महिनाभर तेच आहे 😅