साधा, स्वस्त डिजिटल कॅमेरा: तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी,
भाचीला कॅमेरा हवाय. फोन आहेच, पण तिला फक्त फोटोच काढणारी वस्तू हातात हवी आहे. बजेट बेताचं, म्हणून सेकंडहँड बघतोय. माझा २००७ सालचा कॅनन पॉवरशॉट ए५७० आयएस अजून ठणठणीत आहे: ७.१ मेगापिक्सेल, ४ पट ऑप्टिकल झूम, दोन पेन्सिल सेल. तसाच तिलाही घ्यावा म्हणतोय. असे कॅमेरे वापरलेल्यांनी मनमोकळेपणाने लिहा.

*

पेन्सिल सेलवर चालणाराच घ्या! राजगडावर दोन दिवस मुक्काम होता. मित्राच्या कॅमेऱ्याची चपटी बॅटरी दुसऱ्या दिवशी सकाळीच संपली, माझा मात्र गड उतरेपर्यंत चालू होता, कारण खिशात चार्जेबल सेलची जादा जोडी होती. गुंजवण्यातल्या दुकानातून साधे सेल घेऊनही पाहिले, पण पाच-सहा फ्लॅश मारले की ते मान टाकतात. निकेल मेटल हायड्राइडचे चार्जेबल सेलच घ्या, चार्जरसकट.

*

भाचीला एक नक्की सांगा. आयएस, म्हणजे इमेज स्टॅबिलायझेशन, आपल्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्याची हालचाल नाही. बारशाला फ्लॅश बंद ठेवून समईच्या उजेडात फोटो काढले. पाळणा, समई, भिंतीवरचं तोरण, सगळं स्वच्छ आलं. बाळाच्या मुठी तेवढ्या पुसट. छोट्या सेन्सरवर आयएसओ (कमी उजेडात वाढवायचा संवेदनशीलतेचा आकडा) ४००च्या पुढे नेलं की दाणे दिसू लागतात, त्यामुळे घरात खिडकीजवळच बसवा सगळ्यांना.

*

मी कासला पोटावर झोपून दवबिंदूचे फोटो काढलेत. ही कीटकभक्षी वनस्पती इवलीशी असते, लालसर केसांच्या टोकाला चिकट थेंब. ए५७०चा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची सोय) ५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जातो, पण झूम अजिबात न करता. बटण अर्धं दाबून हिरवी चौकट येऊ द्यायची, श्वास रोखायचा, मग पूर्ण दाबायचं. एका थेंबात अडकलेल्या चिलटाचा पंखसुद्धा आला! इतक्या जवळून फोटो घेताना डोळा लावायच्या खिडकीतून बघू नका, ती भिंगाच्या वर असल्याने चौकट सरकते. भर उन्हात लांबचं टिपताना मात्र तीच उपयोगी पडते, स्क्रीनवर तेव्हा काही म्हणता काही दिसत नाही.

*

मेगापिक्सेलची काळजी नको. आजीचा ८×१० इंची फोटो अशाच ७ मेगापिक्सेलवरून छापलाय. तिच्या नऊवारीचे काठ मोजून घ्यावेत इतके स्पष्ट आहेत.

*

सेकंडहँड घेताना स्वतःचे सेल आणि कार्ड घेऊन जा. मी न बघता घेतला होता. सेलच्या कप्प्यात पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर, झाकणाची खिट्टी तुटलेली. रबरबँड लावून वापरला महिनाभर, मग बंदच पडला. झूम दोन-तीनदा आतबाहेर करून आवाज ऐका, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग बघा. तारीख सारखी विचारत असेल तर घाबरू नका, आतला छोटा बटण सेल बहुधा संपलेला असतो, तो बदलता येतो.