प्रति: जुलैत दुब्रोवनिक
वर विचारलंय ना की क्रोएशियातल्या दुब्रोवनिकच्या जुन्या शहराभोवतीच्या तटबंदीवरून जुलैत दुपारी फेरी मारली तर चालेल का, तर अजिबात नको! जवळपास २ किलोमीटरचा फेरा, सावली नावालाच, आणि सगळे एकाच दिशेनं चालतात त्यामुळे कंटाळलात तरी मागे फिरायची सोय नाही. सकाळी उघडल्या उघडल्या चढा, क्रूझवाली गर्दी यायच्या आत. पाणी विकत कशाला, पिले गेटातून (जुन्या शहराची वेस) आत शिरलं की उजव्या हाताला ओनोफ्रिओचं १५व्या शतकातलं कारंजं आहे, दगडी मुखवट्यांच्या तोंडातून पाणी येतं, बाटली भरायची. स्त्रादुनची, म्हणजे जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्याची, फरशी मात्र घासून घासून आरसा झालीये, गुळगुळीत चपला नकोच. आणि स्प्लिटहून गाडीनं येणार असाल तर २०२२ पासून पेल्येशाचचा पूल आहे, वाटेत मध्येच बॉस्नियात शिरायची भानगडच नाही, सिंगल एंट्री (एकदाच प्रवेश देणारा) शेंगेन व्हिसावाल्यांचं टेन्शन गेलं.