चोपड्याचा कोड चालेना

प्रेषक: चोपड्याची लेक
विषय: आबांच्या खात्याचा आयएफएससी

राम राम मंडळी,

आबांना पैसे पाठवायचेत. कांदेबागेची केळी लावायची वेळ झाली आणि टिश्यूकल्चरच्या रोपांची बाकी या आठवड्यात द्यायची आहे. मी इथे जर्मनीत, म्हणून माझ्या तिकडच्या एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्याचं भारतातलं खातं) एनईएफटीने, म्हणजे नेटवरून बँकेतून बँकेत, पाठवू म्हटलं, तर आबांचं खातं जोडतानाच गाडी अडली. ‘आयएफएससी अवैध’, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड चुकीचा. चार वेळा घालून पाहिला.

आबांनी पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलाय. छपाई फिकी, आणि नेमका कोडाच्या मधोमध केळीच्या चिकाचा तपकिरी डाग. तो डाग कशानेही जात नाही, हे तुम्हाला काय सांगायचं! फोनवर विचारलं तर म्हणाले, ‘चार अक्षरं, मग एक गोल, मग आकडे.’ आता गोल म्हणजे ओ की शून्य? धाकटा भाऊ शाखेत जाऊन आला, तर काउंटरवरून ‘नेटवर बघा’ एवढंच उत्तर. शेवटी चेकच्या तळाशी असतो तो नऊ आकडी नंबरही घालून पाहिला. तोही घेत नाही.

जर्मनीत एक आयबॅन दिला की काम होतं. आपल्याकडे नेमकं काय काय लागतं, कोणी सांगेल का?

---

प्रेषक: भुसावळचे नाना
विषय: उत्तर: आबांच्या खात्याचा आयएफएससी

पोरी, गोल म्हणजे शून्य. आयएफएससीत पाचव्या जागी शून्यच असतं. एकूण अकरा जागा: पहिली चार अक्षरं बँकेची, मग हे शून्य, उरलेल्या सहा शाखेच्या. ते शून्य पुढे कधीतरी लागेल म्हणून राखून ठेवलंय. आज त्याला काही काम नाही, पण त्याच्या जागी ओ टाकला की संगणक हटून बसतो. नोकरीत असताना या एका गोलापायी किती फॉर्म परत दिले, मोजदाद नाही.

नऊ आकडी नंबर वेगळा, तो एमआयसीआर. पहिले तीन आकडे शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. चेक वटवायला लागतो, पैसे पाठवायला नाही. आणि आयबॅन भारतात नाहीच. जर्मनीच्या बँकेतून थेट धाडशील तर ती स्विफ्ट कोड मागेल. तोही कधी आठ, कधी अकरा अक्षरी, म्हणून घोळ होतो. आयएफएससी भारतातल्या भारतात चालतो.

पण तुझं खरं दुखणं गोलात नाही. फोटोतलं बँकेचं नाव वाचलंस का? त्या नावाची बँकच आता उरलेली नाही! देना आणि विजया १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोद्यात गेल्या. वर्षभराने, १ एप्रिल २०२० ला, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. जुने कोड काही काळ चालू ठेवले, मग बंद केले. आबा शाखेत जातात, इमारत तीच, शिपाई तोच, पैसे मिळतात. फक्त पाटी बदलली. त्यांना कोडाशी काय करायचंय? भावाला सांग, नवं पासबुक छापून घे आणि त्यातला खातेक्रमांकही जुन्याशी ताडून बघ. नेटवरच्या कुठल्याही यादीवर जाऊ नकोस, रिझर्व्ह बँकेच्या किंवा त्या बँकेच्याच साइटवर पाहा.

आता कान देऊन ऐक. कोड चुकला तर बहुधा खातं जोडलंच जात नाही, किंवा पैसे परत येतात. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेचा कोड पडला तर बऱ्याचदा पैसे पोचतातही, कारण हल्ली सगळ्या शाखा एकाच संगणकावर. कोड पैशाला बँकेच्या दारापर्यंत नेतो, आत कोणाच्या खिशात घालायचे ते खातेक्रमांक ठरवतो. नाव नाही! नाव काहीही लिहा, जमा होताना क्रमांकच पाहतात. एक आकडा चुकून भलत्याच्या खात्यात गेले, तर त्याच्या संमतीशिवाय बँकेला ते काढून देता येत नाहीत. मग बसा चकरा मारत.

रिझर्व्ह बँकेने यावर उशिरा का होईना इलाज केला. एनईएफटीने किंवा मोठ्या रकमांसाठीच्या आरटीजीएसने पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पडद्यावर दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी करायची होती. ते नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. तरीही आधी एक रुपया पाठव, पोचला का विचार, मग बाकीचे.

एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास आहे, दर अर्ध्या तासाला एक खेप. रविवारी रात्री जेवून पाठवलेस तरी चालेल. दोन लाख आणि वर असेल तर आरटीजीएस.

---

प्रेषक: अमळनेरकर
विषय: उत्तर: उत्तर: आबांच्या खात्याचा आयएफएससी

नाना, कोडाचा विषय निघालाच आहे तर. आपल्या परदेशातल्या मंडळाने गावाकडच्या ज्या संस्थेला वाचनालयासाठी पैसे द्यायचे ठरवलंय, त्यांनी दिलेला कोड तपासला तर नवी दिल्लीतली शाखा निघते. संस्था अमळनेर तालुक्यात, खातं संसद मार्गावर? खजिनदार म्हणतात, काहीतरी काळंबेरं आहे. मी तर पैसे थांबवलेत.

---

प्रेषक: भुसावळचे नाना
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: आबांच्या खात्याचा आयएफएससी

काळंबेरं नाही भो, दिल्लीचा नसता तर मला शंका आली असती. आपलं मंडळ परदेशात नोंदलेलं, म्हणजे कायद्याच्या लेखी विदेशी स्रोत. अशा देणग्या घ्यायला संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्याव्या लागतात. तिथून संस्था गावाकडच्या एफसीआरए खात्यात वळवू शकते. तुम्ही फक्त त्यांचं नोंदणीपत्र मागवा, मुदत संपलेली नाही ना ते बघा. आणि ‘तालुक्याच्या साध्या खात्यात टाका, लवकर होईल’ असं कोणी सुचवलं, तर तिथे मात्र थांबा.

चोपड्याच्या पोरीचं हे नाही. ती भारतीय नागरिक, पैसे स्वतःच्या खात्यातून स्वतःच्या बापाला. त्याला ही भानगड लागत नाही.

---

प्रेषक: चोपड्याची लेक
विषय: झालं एकदाचं

नाना, नवं पासबुक निघालं. पहिली चार अक्षरंच बदललेली. खातं लगेच जोडलं गेलं, पडद्यावर आबांचं नाव आलं, आडनाव आधी आणि आजोबांचं नाव अर्धं तुटलेलं, पण आबाच.

रविवारी रात्री तुमच्या सांगण्याप्रमाणे एक रुपया पाठवला. तिकडे दोन वाजून गेले असतील हे डोक्यातच आलं नाही. अर्ध्या तासाने आबांचा फोन, मी घाबरूनच उचलला.

‘एक रुपया उना वं पोरी. एकच काबर धाडा?’