गोळीपासून सस्पेन्शन बनवताना टिकाऊपणाची खात्रीशीर माहिती कुठे शोधावी?

नमस्कार. गोळी गिळता न येणाऱ्या बालरुग्णांसाठी सस्पेन्शन (औषधाची पूड द्रवात मिसळून केलेले पातळ औषध) तयार करण्याच्या कामात मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. कंपनीचे माहितीपत्रक मूळ गोळीपुरतेच असते. ती खलून द्रवात मिसळल्यावर औषध किती दिवस टिकेल, हे त्यात बहुधा सापडत नाही. उदाहरणार्थ, ओमेप्राझोल हे पोटातील आम्ल कमी करणारे औषध आम्लात झपाट्याने विघटित होते, म्हणून ते ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात बनवतात. त्याऐवजी नेहमीचे आंबट सिरप वापरले, तर बाटली वरून ठीक दिसेल, पण बाळाला औषध मिळणारच नाही, आणि मला याचीच सर्वाधिक काळजी वाटते.

यूएसपीच्या (अमेरिकेच्या औषध-मानक ग्रंथाच्या) ७९५ व्या अध्यायानुसार प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या पाणीयुक्त मिश्रणाला फ्रिजमध्ये १४ दिवसांची मुदत मिळते. मात्र ती कमाल मर्यादा आहे, त्या विशिष्ट औषधाच्या टिकाऊपणाचा पुरावा नव्हे.

तरी कृपया सांगावे, की प्रकाशित स्थिरता-अभ्यास तुम्ही कुठे शोधता, आणि अभ्यासातील ब्रँड, द्रव किंवा बाटली आपल्यापेक्षा वेगळी असल्यास त्याचे निष्कर्ष कितपत ग्राह्य धरता? एचपीएलसी चाचणी (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतील पद्धत) विघटित घटक वेगळे दाखवणारी होती का, हे मी आवर्जून तपासते. आणखी काय पाहावे?